जुन्या मोटारीचें मोल

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा कारखान्याच्या दाराशीं उभे राहून तो लिहितात. कोणत्या सालीं कोणती नवी गाडी बाहेर पडली, तिच्या यंत्राची अश्वशक्ति किती, ती किती वेगानें धांवली आणि तिच्या निर्मात्यानें किती द्रव्य जोडलें, एवढें सांगितलें म्हणजे इतिहास संपला अशी त्यांची समजूत दिसते. परंतु जगांत ज्यांनीं ज्यांनीं म्हणून मोटार ठेविली त्यांपैकीं फार मोठ्या वर्गाच्या दारीं नवी गाडी कधींच आली नाहीं. त्यांच्या वांट्यास आली ती दुसऱ्यानें, तिसऱ्यानें, क्वचित् सातव्यानें वापरून सोडलेली गाडी. तिचा दर कारखानदाराच्या पत्रकांत छापलेला नसे. विकणाराची नड आणि घेणाराची हौस यांच्या झटापटींतून तो ठरे. या गाडीलाहि इतिहास आहे, आणि आमच्या मतें तो नव्या गाडीच्या इतिहासाहून अधिक वाचनीय आहे.

जुन्या मोटारीची किंमत तिच्या वयावरून ठरते असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. नवी गाडी किती सहज मिळते यावर जुनीचा भाव अवलंबून असतो, आणि जुनीच्या पोटांत काय दडलें आहे हें जाणणारा मनुष्य किती जवळ आहे यावरहि असतो. पहिल्या गोष्टीचा दाखला अमेरिकेंत मिळतो. दोहोंचा मिळून दाखला पाहावयाचा तर मुंबईस यावें लागतें.

हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' गाडी १९०८ सालीं निघाली तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ पर्यंत तिच्या सर्वांत साध्या नमुन्याची किंमत २६० डॉलरपर्यंत उतरली. ही गाडी दिसावयास ओबडधोबड, पण स्वभावानें गरीब. खेड्यांतला शेतकरी तिचें यंत्र खोलून पुन्हां जोडूं शके, आणि तिचे सुटे भाग टपालानें माल पाठविणाऱ्या दुकानांच्या याद्यांतून घरबसल्या मागवितां येत. रॉबर्ट व हेलेन लिंड या दांपत्यानें इंडियाना संस्थानांतील एका लहान शहराची पाहणी करून १९२९ सालीं 'मिडलटाउन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मोडकळीस आलेल्या घरांत राहणारीं पण मोटार बाळगणारीं २६ कुटुंबें त्यांनीं पाहिलीं, तों त्यांपैकीं २१ घरांत स्नानाचें टबच नव्हतें! आमच्याकडील कित्येकांस यांत विनोद वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. ज्याच्या घरापासून काम मैलोगणती दूर त्यानें आधीं चाकांची सोय पाहिली, यांत त्याचें काय चुकलें?

या 'टी' गाडीस कोणीं मारलें? प्रतिस्पर्धी कारखान्याच्या नव्या गाडीनें, असें उत्तर सामान्यतः देण्यांत येतें. तें अर्धेंच खरें आहे. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनीं आपल्या आठवणींच्या ग्रंथांत, त्या दशकांत मोटारीचा धंदा ज्या चार गोष्टींनीं पालटला त्या सांगितल्या आहेत: हप्त्यांची विक्री, दरसाल बदलणारा नमुना, चोहोंकडून बंद असलेली बैठक, आणि नवी गाडी देतांना जुनी गाडी किंमतींत वळती करून घेण्याची पद्धत. आमच्या विषयाशीं संबंध आहे तो या शेवटच्या गोष्टीचा. सधन मनुष्य दोन-तीन वर्षांनीं गाडी बदलूं लागला आणि त्याची सोडलेली गाडी दुकानदाराच्या अंगणांत येऊन पडूं लागली. तिला कांचेच्या खिडक्या होत्या. ती हँडल न मारतां कळ दाबतांच सुरू होई. नव्या, उघड्या, हँडलनें मनगट मोडूं पाहणाऱ्या फोर्डगाडीच्या किंमतींत अशी सुखाची जुनी गाडी मिळूं लागल्यावर नवी फोर्ड घेतो कोण? मे १९२७ मध्यें दीड कोटि गाड्या काढून 'टी' बंद झाली. तिला हटविण्यांत नव्या शेव्हरलेटइतकाच हात जुन्या, नांवगांव नसलेल्या गाड्यांचा होता.

पण ज्या मुबलकपणानें जुनी गाडी स्वस्त केली त्यानेंच ती अडगळीचीहि केली. दुकानदार वळत्या करून घेतलेल्या गाड्यांच्या भारानें वांकले. मंदीच्या आरंभीं तर जुन्या गाड्या बाजारांत फिरूंच नयेत म्हणून त्या मोडून टाकणाऱ्या दुकानदारांस कारखानदार पैसे देऊं लागले. चालूं शकणारी गाडी पैसे देऊन मोडावयाची ही कल्पना आपल्या देशांत त्या काळीं कोणास सांगितली असती तर सांगणाराच वेडा ठरला असता. त्याच दशकांत धुळीच्या वादळांनीं व कर्जानें उठविलेलीं कुटुंबें अशाच गाड्यांवर गाद्या व भांडीं बांधून कॅलिफोर्नियाकडे निघालीं. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ सालच्या कादंबरींत जुन्या मोटारींच्या दुकानास एक संपूर्ण प्रकरण दिलेलें आहे, तें कांहीं उगाच नव्हे. नडलेल्यांस फसविण्याच्या त्या व्यापारांतील युक्त्या सर्वश्रुत होत्या. करकरणारा गिअर गप्प बसावा म्हणून त्यांत लांकडाचा भुसा भरीत आणि मैलांचा आंकडा मागें फिरवीत.

या फसवणुकीचें शास्त्र पुढें एका तरुण अर्थशास्त्र्यानें मांडलें. अमेरिकन बोलींत नासक्या गाडीस 'लिंबू' म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ यांनीं 'लिंबांचा बाजार' या अर्थाच्या मथळ्याचा एक छोटा निबंध लिहिला. त्यांचा युक्तिवाद असा: गाडींतील दोष विकणारास ठाऊक, घेणारास नाहीं. म्हणून घेणारा सरासरीचाच भाव देऊं करतो. त्या भावांत चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी विकावयास आणीत नाहीं. तो गेल्यावर उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी खालावते, घेणारा भाव आणखी पाडतो, आणि अशा रीतीनें चांगला माल बाजारांतून निघून जातो. खोटें नाणें खऱ्यास हुसकून लावतें तसाच हा प्रकार. निबंध त्यांनीं १९६७ सालीं एका मान्यवर नियतकालिकाकडे धाडला आणि स्वतः वर्षभरासाठीं हिंदुस्थानांत आले. नकाराचें पहिलें पत्र त्यांना येथेंच मिळालें. आणखी दोन नकार पचवून निबंध १९७० सालीं छापला गेला, आणि २००१ सालीं त्याच कामगिरीबद्दल त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. नकाराचें पत्र हातांत असतां या गृहस्थांनीं येथील जुन्या मोटारींचा बाजार हिंडून पाहिला असता तर आपल्या सिद्धान्तास त्यांनीं एखादी पुरवणी जोडली असती, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. त्या पुरवणीचा मजकूर पुढें देतों.

आपल्याकडे मोटार आली ती संस्थानिक, बडे व्यापारी व वकील-डॉक्टर यांच्या घरीं. फोर्ड व जनरल मोटर्स यांनीं मुंबईंत गाड्या जुळविण्याचे कारखाने काढले, तरी खेड्यांतल्या माणसास मोटारीचें दर्शन घडलें तें 'सर्व्हिस मोटारी'च्या रूपानें. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. ची पहिली गाडी सुटली. त्याआधीं आपल्या रस्त्यांवर खासगी मालकांच्या या गाड्या धांवत, आणि त्यांतल्या पुष्कळ कोठेंतरी एक आयुष्य जगून आलेल्या असत. उतारू भरल्याशिवाय गाडी हलावयाची नाहीं, क्लीनरनें हँडल मारावयाचें, चढावर सर्वांनीं उतरून खांदा द्यावयाचा. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें रेशनिंग झालें तेव्हां मागें कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर या गाड्या चालविल्या गेल्या. युद्ध संपल्यावर लष्करानें लिलांवांत काढलेल्या जीपगाड्या बाजारांत आल्या. आपला मिस्त्री घडला तो या काळांत. पुस्तक त्यानें पाहिलें नव्हतें; पण हाताशीं असेल त्या पत्र्यांतून, पट्टींतून, दुसऱ्याच जातीच्या गाडीच्या भागांतून हवें तें घडविण्याची विद्या त्याच्या बोटांत आली.

स्वातंत्र्यानंतर सरकारनें तयार गाड्यांची आयात बंद केली आणि १९५३ सालीं असें ठरविलें कीं ज्यांस येथें भाग घडवावयाचे असतील त्यांनींच राहावें. फोर्ड व जनरल मोटर्स निघून गेले. कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, मद्रासेस स्टँडर्ड आणि मुंबईंत कुर्ल्यास प्रीमिअर, एवढेच मोटारींचे मुख्य कारखाने उरले. यांतील प्रीमिअर हा कारखाना सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिला होता. त्यानें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार करून ११०० जातीची गाडी येथें काढली. तिच्या आरंभींच्या गुबगुबीत पाठीच्या नमुन्यास मुंबईकरांनीं 'डुक्कर फियाट' हें नांव दिलें, तें अद्याप टिकून आहे. १९६४ पासून 'डिलाइट' आली. तीच पुढें 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. नांवें तीन, गाडी एकच. १०८९ घनसेंटिमीटरचें तेंच इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरचा तोच गिअर, तेच चार दरवाजे, विसावें शतक सरेपर्यंत.

नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. वांटपावर व विक्रीवर १९५९ सालीं नियंत्रण-हुकूम निघाला. किंमतीहि सरकार ठरवूं लागलें, आणि त्या ठरविण्यावरून कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्याचा निकाल १९७१ सालीं लागला. सरकारी भाव कागदावर राहिला आणि खरा भाव जुन्या बाजारांत ठरूं लागला. ज्याच्यापाशीं हातीं आलेली गाडी होती त्याच्यापाशीं वाट पाहण्याचीं तीं सर्व वर्षेंहि होतीं, आणि तो तीं विकीत होता. त्यामुळें वर्ष-दोन वर्षें चाललेली गाडी कोऱ्या गाडीच्या सरकारी किंमतीहून अधिक भावानें जाई. अमेरिकेंत जी वस्तु मोडण्यास पैसे द्यावे लागत तीच येथें ठेवीसारखी झाली. लोक मुलीच्या लग्नासाठीं सोनें मोडीत, तशी फियाट मोडीत.

आतां ॲकरलॉफ यांच्या सिद्धान्ताप्रमाणें असा बाजार फसवणुकीनें सडून जावयास हवा होता. फसवणूक होतीच; पण बाजार सडला नाहीं. याचें कारण आमच्या समजुतीप्रमाणें असें कीं, घेणाराचें अज्ञान येथें मिस्त्रीकडून भरून काढतां येत होतें. तीस-पस्तीस वर्षें रस्त्यावर एकाच जातीची गाडी फिरत असेल तर तिचें पोट ओळखणारीं माणसें गल्लोगल्लीं तयार होतात. दिवसाची मजुरी व दोन चहा एवढ्यांत हें ज्ञान भाड्यानें मिळे.

मिस्त्रीची परीक्षा पाहण्यासारखी असे. तो सकाळीं लौकर जावयास सांगे आणि गेल्यावर प्रथम बॉनेटवर तळहात ठेवी. तें गरम लागलें तर, 'मालकांनीं आपण येण्याआधींच गाडी सुरू करून ठेवली आहे, उद्यां येऊं,' म्हणून परत फिरे. तापलेलें इंजिन दोष झांकतें, थंड इंजिन झांकीत नाहीं. मग धूर. निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून इंजिन तेल खात आहे. काळा म्हणजे पेट्रोल फार जातें. गाडी तापल्यावरहि पांढरी वाफ येत राहिली तर हेडची गॅस्केट उडून पाणी आंत शिरत आहे. तेलाची पट्टी काढून तो तेल बोटांवर चोळी. तें दुधाळ दिसलें कीं मान हलवी. पुढचें चाक उचलून हलवून किंगपिनचा खुळखुळा पाही. शेवटीं पायाखालची चटई उचली. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनीं तळाचा पत्रा असा खाल्लेला असे कीं कित्येक गाड्यांतून बसल्या जागीं रस्ता दिसे.

इंजिन मेलें म्हणून गाडी मेली असें मात्र कोणी मानीत नसे. झिजलेला सिलिंडर रिबोअर करून थोडा मोठा करावयाचा आणि त्यांत तितकाच मोठा पिस्टन घालावयाचा; तेंहि पुरतें झिजलें म्हणजे आंत लोखंडी स्लीव्ह ठोकून पुन्हां मूळ मापावर यावयाचें. मोडीत निघालेल्या प्रत्येक गाडीचे अवयव कुर्ल्यास, चोरबाजारांत, पुण्याच्या जुन्या बाजारांत जाऊन दुसऱ्या गाडीच्या अंगीं लागत. नमुना बदलत नव्हता म्हणूनच हें शक्य होतें. त्या न बदलण्याबद्दल कारखानदारांस पुष्कळ शिव्या बसल्या आहेत, आणि ब्रेक दाबून देवाचें नांव घेणाऱ्यांनीं त्या दिल्या हें योग्यच झालें. परंतु त्याच आळसावर शेंकडों मिस्त्रींचीं घरें चाललीं आणि मध्यम वर्गास परवडणारी गाडी जिवंत राहिली, हेंहि तितकेंच खरें.

येथें आमच्या घरची हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १९७८ सालीं वडिलांनीं एक फियाट पाहिली. विकणारे गृहस्थ म्हणाले, डॉक्टरांची गाडी आहे, फक्त इस्पितळ ते घर फिरली आहे. जुन्या बाजारांतल्या निम्म्या गाड्या डॉक्टरांच्याच असत, हें आम्हांस तेव्हां माहीत नव्हतें. आमच्या मिस्त्रीनें सगळें पाहून झाल्यावर दाराच्या वरची रबराची पट्टी नखानें उचकटली आणि आंतला रंग थोडा खरवडला. खालून पिवळा धमक रंग निघाला. तो वडिलांस म्हणाला, "साहेब, डॉक्टर खरे, पण मीटर लावून फिरत होते." गाडी टॅक्सी होती! तरीहि वडिलांनीं ती घेतली. मात्र भाव पांचव्या हिश्श्यानें उतरवून. चांगल्या गाडीच्या मालकास पळवून लावणारें जें अज्ञान, तें एका नखानें दूर झालें आणि सौदा दोघांच्याहि समाधानानें पार पडला. मिस्त्रीनें दोन्ही बाजूंकडून दलाली घेतली होती असें पुढें कळलें. तिचा राग वडिलांनीं कधींच धरला नाहीं.

ती गाडी बोरघाटांत नेमानें तापे. खंडाळ्याच्या अलीकडे रेडिएटर उकळला कीं चाकामागें दगड लावून आम्ही सर्व खालीं उतरूं. झांकण तापलेलें असतां उघडावयाचें नाहीं, ही ताकीद. म्हणून अर्धा तास दरीकडे पाहत बसावयाचें. आगेंमागें तशाच आणखी चार-पांच गाड्या उभ्या असत, आणि ज्याच्यापाशीं पाण्याचा डबा असे तो न मागतां दुसऱ्यास देई.

जुन्या गाडीविषयींचा हा जिव्हाळा वाङ्मयांत व कलेंत उतरला नसता तरच नवल. १९५८ या एकाच सालीं दोन चित्रपट निघाले. मुंबईंत 'चलती का नाम गाडी' मध्यें गॅरेज चालविणारे तीन भाऊ आणि त्यांची म्हातारी मोटार यांनीं लोकांस हंसविलें. बंगालींत ऋत्विक घटक यांनीं सुबोध घोष यांच्या कथेवरून 'अजान्त्रिक' काढला. त्यांतला टॅक्सीवाला आपल्या जुनाट शेव्हरलेटला 'जगद्दल' म्हणतो, तिच्याशीं बोलतो, आणि शेवटीं ती भंगारवाल्यास देतो. पहिला चित्रपट सर्वांनीं पाहिला, दुसरा थोड्यांनीं. आमचें मत विचाराल तर जुन्या गाडीचें मर्म दुसऱ्यांत आहे.

डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० रस्त्यावर आली. ती हलकी, थोड्या पेट्रोलवर धांवणारी आणि घाटांत न तापणारी होती. तिच्यासाठींहि आरंभीं रांगा लागल्या. पण पुढील दहा-पंधरा वर्षांत नवे कारखाने आले, बँका हप्त्यानें कर्जें देऊं लागल्या आणि रांग नाहींशी झाली. रांग गेली त्याबरोबर जुन्या फियाटीची किंमतहि गेली. इंजिन तेंच, पत्रा तोच, मिस्त्रीहि तोच; पण नवी गाडी सहज मिळूं लागतांच ठेवीची अडगळ झाली. अमेरिकेंत तिसऱ्या दशकांत जें झालें तें येथें शेवटच्या दशकांत झालें. नव्या गाड्यांचें यंत्र विद्युत्-संगणकाच्या ताब्यांत गेल्यामुळें नखानें रंग खरवडणाऱ्याची विद्याहि उणी पडूं लागली.

फियाट टिकली ती टॅक्सी म्हणून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचें राज्य दीर्घकाळ तिचेंच होतें. तिच्या धुराविषयीं तक्रार होई ती खोटी नव्हती. जुन्या टॅक्सींस नैसर्गिक वायूवर चालण्याची सक्ति झाली तेव्हां शहराच्या फुप्फुसांस निश्चितच बरें वाटलें असेल. मग वयाची मर्यादा आली: २००८ सालीं पंचवीस वर्षें, २०१३ सालीं वीस. जुन्या मोटारीची किंमत वयावरून ठरत नाहीं असें आम्हीं प्रारंभीं म्हटलें. कायद्यानें ती वयावरूनच ठरविली, आणि विसाव्या वाढदिवशीं ती शून्य केली. ज्यानें गाडी पोटच्या पोराप्रमाणें ठेविली आणि ज्यानें ती मरेस्तोवर ताणली, त्या दोघांस एकच न्याय मिळाला. सरकारपाशीं लाखों गाड्या तपासण्यास पुरेसे मिस्त्री नव्हते, हें त्याचें समर्थन म्हणतां येईल. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कचेरींत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाहीं.

आमची गाडी त्याच्या कितीतरी आधींच, २००१ सालीं गेली. घ्यावयास एक टॅक्सीवाले आले. त्यांनीं इंजिन सुरू करून पाहिलेंच नाहीं, चारी दारें उघडून-मिटून पाहिलीं, गिअर दोनदां टाकून पाहिला, आणि म्हणाले, "दरवाजे आणि गिअरबॉक्स चांगला आहे, माझ्या गाडीला होईल." वडिलांनीं किल्ली दिली आणि पाण्याचा डबाहि बरोबर दिला. उरलेला सांगाडा त्यांनीं कुर्ल्यास वजनावर घातला. त्याचा काय भाव आला तें वडिलांनीं विचारलें नाहीं.